पाहुण्यांची खोली

मोकोला ‘नाही’ म्हणता येत नसे. एका रविवारी तीन लग्नांना ‘येतो’ म्हणून बसला, तिन्हीकडे गेला, तिन्हीकडे पोटभर जेवला आणि सोमवारी पोट धरून कामावर हजर झाला.

“चौथं आमंत्रण आलं असतं तर?” बायको एंदाहने विचारलं.

“गेलो असतो.”

तो थट्टा करत नव्हता.

पूर्ण नाव प्रिहातमोको. जावा बेटावरच्या सोलो शहरात बातिक छापणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेला. वडील एका जुन्या सरदारांच्या दारावर पहारेकरी होते. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणालाही ‘जा’ म्हणून सांगितलं नाही. नको असलेला माणूस आला की ते त्याला पेंदोपोत, म्हणजे पुढच्या मोकळ्या ओसरीवर, मानाने बसवत. चहा देत. मुलाबाळांची चौकशी करत. पुन्हा चहा देत. तासाभराने तो माणूस आपणहून उठे आणि ‘येतो बरं का’ म्हणून निघून जाई.

लहानगा मोको खांबाआडून हे सगळं बघे. एकदा त्याने विचारलंच, “बाबा, मालक तर घरात आहेत. मग ह्यांना आत का नाही सोडत?”

“सोडलंय की! ओसरीवर बसलाय, चहा पितोय. आणखी किती आत सोडू?”

पुढे मोकोही पहारेकरीच झाला, फक्त त्याचं दार दिसत नसे. शहरातल्या एका छोट्या नाट्यसंस्थेत तो सर्व्हर सांभाळायचा. जुन्या कोठीघरात टेबलाखाली लिनक्सवर चालणारी एक काळी पेटी गुणगुणत असे आणि संस्थेतली नऊ-दहा माणसं आपापल्या संगणकावरून तिच्यात आपली कागदपत्रं ठेवत. मोकोने आतली रचना घरासारखी केली होती. समोर ‘पेंदोपो’, तिथे कुणीही यावं. मागे ‘कामार’, म्हणजे खोल्या. सगळ्यांच्या संगणकावर ‘कामार’ हे एकच चित्र, पण नाव आणि पासवर्ड देऊन दाबलं की ज्याची त्याची खोली उघडायची. विविन उघडेल तर विविनची, मोको उघडेल तर मोकोची.

आणि म्बाह कासिरा उघडतील तर त्यांची.

म्बाह म्हणजे आजी. कासिराआजी सत्त्याहत्तर वर्षांच्या, आणि त्यातली चाळीस केतोप्राक या लोकनाट्याच्या मंचावर गेलेली. राणी कधीच झाल्या नाहीत. कायम राणीची दासी. पण दासी बोलायला लागली की राणीला तोंड फिरवून हसू दाबावं लागे, असं लोक सांगत. केतोप्राकला लिहिलेली संहिता नसते. मंडळीचा सूत्रधार दुपारी गोष्ट सांगतो, कोण कुठून येणार ते ठरवतो, आणि पडदा वर गेला की ज्याने त्याने आपल्या तोंडचं बोलायचं. त्यामुळे मंडळी मोडली तशी नाटकंही गेली. राजे वारले, राण्या वारल्या. सगळ्यांची भाषणं आजींच्या डोक्यात तेवढी उरली, कारण दासी प्रत्येक प्रवेशात कोपऱ्यात उभी असते आणि तिला ऐकण्यावाचून काम नसतं.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या संस्थेत येऊन म्हणाल्या, “मला ते खटखट करायचं यंत्र शिकवा.” हिशेब-पत्रव्यवहार बघणाऱ्या विविनने शिकवलं. मग दर सोमवारी आणि गुरुवारी आजी बेचाकमधून, म्हणजे सायकलरिक्षातून, उतरत, केळीच्या पानात गुंडाळलेल्या गरम सेराबी, म्हणजे तांदळाची धिरडी, टेबलावर ठेवत आणि एका बोटाने नाटक लिहायला बसत. लिहिता लिहिता आवाज बदलत. मोठ्याने.

“अगं विविन, हा राजा बघ कसा रडतोय!”

“म्बाह, राजा थोडा हळू रडेल का? मी फोनवर आहे.”

“राजाला तू सांग. मी दासी आहे.”

अशी चार नाटकं लिहून झाली. मग आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शस्त्रक्रिया झाली आणि दीड महिना त्या घरी बसल्या. नेमकं त्याच दीड महिन्यात मोकोने जुनी पेटी काढून नवी बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाचीही खोली उघडेना.

“मास मोको!” दादा म्हणून हाक मारत विविन कोठीघराच्या दारात. “तुमचं मशीन मला ओळखत नाही. आठ वर्षं ह्याच खुर्चीत बसतेय मी. लाज वाटायला पाहिजे त्याला.”

“बघतो, बघतो.”

“काय बघता? माझा पासवर्ड तोच, बोटं तीच.”

मोकोने विविनचं नाव तपासलं, होतं. पासवर्ड नव्याने दिला. ती परत गेली आणि परत आली. “नाही म्हणतंय.” त्याने नोंदवहीत पाहिलं. यंत्र आपली रोजनिशी लिहीत असतं, तिच्यात ओळीमागून ओळ एकच तक्रार: पासवर्ड चुकीचा. चुकीचा कसा असेल? आताच तर त्याने स्वतःच्या हाताने दिला होता. त्याने जोडण्या पाहिल्या, परवानग्या पाहिल्या, पेटी दोनदा बंद करून चालू केली.

तेवढ्यात ओसरीवरून हाक आली. संस्थेचे प्रमुख, सगळे मानाने ‘पाक’ म्हणत ते पाक हारजितो, निवृत्त प्राध्यापक, विद्यापीठातल्या चार पाहुण्यांना घेऊन संगणकासमोर बसले होते. पडद्यावर पांढऱ्या चौकटीत लिहिलं होतं: प्रवेश नाकारला.

पाक हारजितो हसत होते. ते फार रागावले की हसत. “मोको, हे माझंच घर ना?”

“हो, पाक.”

“नाही, म्हटलं खात्री करून घ्यावी. पाहुण्यांसमोर हे मला ‘चालते व्हा’ म्हणतंय. जरा सौम्यपणे नाही का सांगता येत ह्याला?”

पाहुणे चहाच्या पेल्यांत बघत राहिले. मोकोचे कान पेटले. तो कोठीघरात परतला आणि त्याला एक ओळ आठवली. यंत्राच्या नियमांत अशी एक सोय होती: पासवर्ड चुकला तर माणसाला नाकारू नये, पाहुणा समजून आत घ्यावं. माहितीपुस्तकात त्या ओळीशेजारीच ताकीद होती. असं केलंत तर लोकांना आपण पाहुणे ठरलो आहोत हे कळणारही नाही, मदत मागायला येतील तेव्हा तुमच्याही लक्षात येणार नाही. मोकोने ती ताकीद वाचली होती. पण त्याच्या डोळ्यांपुढे ओसरीवर बसून चहा पिणारा नकोसा माणूस होता, आणि चहा ओतणारे वडील. त्याने ओळ लिहिली.

पाक हारजितोंनी पुन्हा दाबलं. दार उघडलं. आत रिकामी खोली, पाहुण्यांची. पण त्यांना तरी पाहुण्यांना दार उघडतं एवढंच दाखवायचं होतं. “बघा,” ते म्हणाले, “आता शहाण्यासारखं वागतंय.”

खरी चूक मोकोला दोन दिवसांनी सापडली, आणि सापडल्यावर त्याने कपाळावर हात मारला. पेटीत नावांच्या याद्या दोन असतात. एक पेटीची स्वतःची: ह्या घरात कोण कोण राहतं. दुसरी फक्त दूरच्या संगणकांवरून येणाऱ्यांसाठी: कुणाचा परवलीचा शब्द कोणता. पहिली यादी त्याने नव्या पेटीत आणली होती, दुसरी राहून गेली होती. मग त्याने एकेकाला बोलावून शब्द नव्याने टाकून घेतला. सगळ्यांच्या खोल्या उघडल्या. विविनने यंत्राला माफ केलं.

एकच शब्द राहिला. कासिराआजी घरी होत्या, डोळ्यांवर पट्टी बांधून. ‘येतील तेव्हा टाकून घेऊ,’ मोको म्हणाला.

आणि ती ओळ तशीच राहिली. कारण ती लिहिल्यापासून एकही तक्रार आली नव्हती.

आजी ज्या गुरुवारी परतल्या, त्या गुरुवारी मोको चुलतबहिणीच्या लग्नात भाताची भांडी उचलत होता. विविनने आजींना खुर्चीत बसवलं.

“उघडलं का, म्बाह?”

“उघडलं, उघडलं.”

दार उघडलं होतंच. आत काही नव्हतं. आजींची चार नाटकं तिथे नव्हती. त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग सेराबीचं पान सोडलं, विविनला दिली, स्वतः घेतली, आणि पाचवं नाटक लिहायला लागल्या.

पुढे आठ महिने लिहीत राहिल्या. नऊ नाटकं.

रुवाह लागला. उपासाच्या महिन्याआधीचा हा महिना. लोक पूर्वजांच्या कबरी झाडतात, घरं धुतात, अंगण लख्ख करतात. मोकोही दर रुवाहमध्ये आपल्या परीने झाडलोट करी: पाहुण्यांची खोली रिकामी करी. आल्यागेल्याने टाकलेली छायाचित्रं, पत्रिका, कुणाची तरी गाणी. त्या खोलीची तो वेगळी प्रतही ठेवत नसे. पाहुण्यांच्या कचऱ्याची प्रत कोण ठेवतो? या वर्षी खोली जरा भरलेली दिसली. सगळ्यांचा मालक एकच: पाहुणा. नावं नुसते आकडे, एक, दोन, तीन. त्याने उघडून पाहिलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूत डोकावणं बरं दिसत नाही.

पण सांगितल्याशिवाय झाडणाराही तो नव्हता. त्याने सगळ्यांना फोनवर निरोप पाठवला: शुक्रवारी पाहुण्यांची खोली झाडणार आहे, ज्याचं जे असेल त्याने उचलावं, चूकभूल माफ असावी. नऊ जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आजींकडे तसला फोन नव्हता, म्हणून विविनने त्यांना निरोप वाचून दाखवला.

“झाडू दे की बापड्याला,” आजी म्हणाल्या. “पाहुण्यांनी घाण केली असेल. आपल्याला काय?”

शुक्रवारी खोली झाडली गेली.

सोमवारी आजी आल्या, बसल्या, दहा मिनिटांनी उठल्या आणि चहा पिऊन घरी गेल्या. गुरुवारी आल्या त्या थेट कोठीघरात. मोको उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली.

“थोले,” आजी म्हणाल्या. पंचेचाळिशीच्या माणसालाही त्या ‘थोले’, म्हणजे ‘पोरा’, अशीच हाक मारत. “एक विचारू? रागावू नको हं.”

“विचारा ना, म्बाह.”

“माझं पुन्हा कुठे हलवलंत?”

“पुन्हा म्हणजे?”

“मागच्या वेळी चार हलवली होती ना, मी डोळ्यांसाठी घरी होते तेव्हा. मला वाटलं, पाक हारजितोंना आवडली नसतील. नाहीतर छापायला दिली असतील. विचारायचं कसं? म्हटलं, काढली तर काढली, आपण पुढची लिहावी. पण आता ही नऊसुद्धा... चांगली झाली होती रे ही. पहिल्या चारांत नुसता हात बसत होता.”

मोको पेटीकडे वळला. त्याने रोजनिशी उघडली. ओळ स्पष्ट होती. आठ महिन्यांच्या प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी सकाळी: कासिरा, पासवर्ड चुकीचा, पाहुणा म्हणून प्रवेश. यंत्राने एकदाही लपवलं नव्हतं. त्यानेच कधी वाचलं नव्हतं. तक्रार नसताना रोजनिशी कोण वाचतो?

“माझं बोट कुठे चुकून पडलं का?” आजी विचारत होत्या. “माझंच काहीतरी झालं असेल. दिसत नाही नीट अजून.”

हीच वेळ होती. पुढे कितीतरी दिवस मोको हा क्षण पुन्हा पुन्हा उघडून बघणार होता. ‘तुमचं काही नाही म्बाह, मी केलं’ एवढंच बोलायचं होतं.

“यंत्राचं... यंत्रात बिघाड झाला, म्बाह,” तो म्हणाला.

“हो का?” आजींनी पेटीवर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. “गरम आहे बिचारं. त्याला काही बोलू नकोस हं.”

त्या गेल्यावर मोको तीन दिवस पेटीसमोरून हलला नाही. पुसलेलं परत काढायच्या ज्या ज्या युक्त्या असतात त्या सगळ्या केल्या. जुन्या पेटीत कदाचित जमलं असतं. नव्या पेटीतली तबकडी चलाख, टाकलेलं लगेच पुसून मोकळी होणारी. तिसऱ्या दिवशी हाताला दीड पान लागलं. नऊ नाटकांतलं दीड पान. पहिली चार मात्र आजींच्या खऱ्या खोलीत जशीच्या तशी होती.

“सांगितलंस?” एंदाहने विचारलं.

“लेबारानला सांगतो. त्या दिवशी माफी मागायचीच असते.”

उपास संपले, लेबारान म्हणजे ईदचा सण आला. मोको नवा बातिक सदरा घालून आजींच्या घरी गेला. आधीच आठ-दहा जण रांगेत होते. एकेक जण आजींपुढे गुडघे टेकी, त्यांचा हात कपाळाला लावी आणि वर्षानुवर्षं चालत आलेलं वाक्य म्हणे: दिसल्या-न दिसल्या सगळ्या चुका माफ करा. मोकोचा नंबर आला. त्याने गुडघे टेकले. म्हटलं, “दिसल्या-न दिसल्या सगळ्या चुका माफ करा, म्बाह.”

“तूही म्हातारीला माफ कर, थोले,” आजी म्हणाल्या, जसं सगळ्यांना म्हणत होत्या. मागचा माणूस पुढे सरकला.

घरी एंदाह वाटच बघत होती. “सांगितलंस?”

“माफी मागितली.”

“कशाची?”

“सगळ्याची.”

“वा! सगळ्याची माफी तर मी शेजारच्या कोंबड्याचीही मागितली सकाळी. मोको, त्या बाईला अजून वाटतंय की तिचं बोट चुकलं. सणाच्या शेवया द्यायला गेले मी, तेव्हा ती विविनला सांगत होती, ‘आता यंत्राला हात लावायची भीती वाटते.’ तू वाक्याआड लपून आलास.”

मोको उठला. ताटातला भात तसाच राहिला.

आजी ओसरीवर एकट्या बसल्या होत्या, पाहुण्यांचे पेले गोळा करत. “विसरलास काही?”

“म्बाह, यंत्र बिघडलं नव्हतं.” तो उभ्यानेच बोलला, कारण बसला असता तर चहा आला असता आणि मग राहून गेलं असतं. “तुमचं बोटही चुकलं नव्हतं. तुमचा शब्द यादीत घालायचा माझ्याकडून राहिला. आणि यंत्राने तुम्हाला ‘नाही’ म्हणायला हवं होतं, ते मी त्याला म्हणू दिलं नाही. म्हणून ते तुम्हाला आठ महिने पाहुण्यांच्या खोलीत बसवत राहिलं. ती खोली मी माझ्या हाताने झाडली. तुमची नऊ नाटकं मी पुसली.”

आजींनी हातातला पेला खाली ठेवला.  मग म्हणाल्या, “आठ महिने मी पाहुणी होते होय?”

“हो.”

“आणि मलाही वाटलं नाही विचारावं.” त्या हसल्यासारखं करून थांबल्या. “चांगली जोडी जमली आपली.”

“तुम्ही पुन्हा सांगा, म्बाह. लिहू नका. मी बसतो रोज, तुम्ही बोला, मी उतरवतो.”

“नाही.”

इतक्या सरळपणे त्याला आयुष्यात कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

“रागाने नाही म्हणत, थोले. चाळीस वर्षं ती माणसं माझ्या डोक्यात बोलत होती. राजा, राणी, तो तोतरा सेनापती. स्वयंपाक करताना, नमाजाला बसताना, बोलतच. एकेकाचं लिहून झालं की तो गप्प व्हायचा. मी म्हणायचे, जा बाबा, आता तू कागदावर आहेस, तुझी काळजी मिटली.” त्यांनी ओढणीने पेल्याची कड पुसली. “आता आत कोणी नाही. मी बोलावून पाहिलं. सोमवारी तिथे बसून बोलावलं, घरी येऊन बोलावलं. मी त्यांना निरोप दिला ना, ते गेले.”

मोकोने तेव्हा गुडघे टेकले. वाक्य काही आठवलं नाही.

सुट्टीनंतर कामावर गेल्या गेल्या त्याने ती ओळ काढली. त्याच दुपारी पाक हारजितोंचा पासवर्ड चुकला आणि यंत्राने त्यांना चक्क बाहेर ठेवलं.

“मोको, हे पुन्हा उद्धट झालंय.”

“तुमचा शब्द चुकलाय, पाक. पुन्हा टाका.”

विविनने पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. पाक हारजितो हसले नाहीत. गुपचूप पुन्हा टाकला.

आजी त्यानंतर एकदाच आल्या, विविन आणायला गेली म्हणून. मोकोने त्यांच्याकडून नवा शब्द टाकून घेतला, या वेळी दोन्ही याद्या समोर ठेवून. मग ते दीड पान काढलं. आजींना पडद्यावरचं बारीक वाचवेना, म्हणून त्यानेच वाचलं, अडखळत, नट नसलेल्या माणसाच्या आवाजात.

“‘राणीसाहेब, विहिरीत वाकून बघू नका. तुम्हाला तुमचं तोंड दिसेल आणि मला दोर ओढावा लागेल. रडायचं तर चुलीजवळ रडा, धुराचं नाव सांगता येतं. तुमच्या आसवांनी पाणी खारट झालं तर उद्याचा भात मी कशात...’”

“पुढे?”

“पुढे नाही, म्बाह. एवढंच सापडलं.”

“छान बोलते बाई,” आजी म्हणाल्या. “कोण होती ही?”

विविन खिडकीकडे वळली. मोकोने सांगितलं, “तुम्ही.”

“असेन, असेन.” त्यांनी मान हलवली. मग पडद्याकडे बोट केलं. “आणि ही खोली? कुणाची आहे?”

आता प्रत्येक खोलीत मोकोने सर्वांत वर एक पाटी ठेवली होती, मोठ्या अक्षरांत. ही त्यांनाही वाचता आली. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत आपलं नाव वाचलं. खाली चार नाटकं होती आणि दीड पान. त्या खूप वेळ बघत बसल्या, माउसवर हात ठेवून, काही न दाबता.

“बघितली,” शेवटी म्हणाल्या. “बंद कर आता. आणि चहा आण, थोले. गोड कर.”